डबल स्टँड

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

रविवारी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले, ते खरं नव्हतं. फोन स्पीकरवर होता आणि बाबा शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्यासमोर बोलता येत नाही म्हणून हे पत्र. समुद्रातल्या तुमच्या तेलाच्या फलाटावर टपालाची बोट कधी पोचेल कुणास ठाऊक, पण लिहिलं की निदान माझं डोकं हलकं होतं.

तू जाताना तुझी मोटारसायकल मला देऊन गेलास. ती रोज संध्याकाळी डबल स्टँडवर लावायचं काम बाबांनी आपणहून अंगावर घेतलं. मी ग्रंथालयातून येते, गाडी साइड स्टँडवर तिरकी सोडते आणि वर येते. मग ते चष्मा काढून ठेवतात, “गाडी उभी करायची असते, टाकून द्यायची नसते,” असं मला ऐकवतात आणि खाली जातात. एक टाच स्टँडवर, एक हात हँडलला, दुसरा सीटखालच्या दांडीला. टक् असा एकच आवाज येतो. की आले वर.

गेल्या आठवड्यात, मंगळवारी तो आवाज आला नाही. मी खिडकीत गेले. बाबा दातओठ खाऊन जोर लावत होते. गाडी जरा उचलायची आणि धप्पकन परत बसायची. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग पाय निसटला, नडगी सोलवटली आणि गाडी त्यांच्या अंगावर कलली. तळमजल्यावरचे पेंटरभाऊ धावले म्हणून वाचलं. “काका, कशाला आता हे? वय झालं की हो,” असं ते म्हणाले. चांगल्या मनानेच म्हणाले. बाबा हसले. वर येऊन पाणी मागितलं आणि पेला हातात धरून बसून राहिले.

ते खरचटणं भरून येईल. पण त्या दिवसापासून त्यांनी बाहेरची कामं घेणं बंद केलं आहे. तुला माहीत आहे, बिघडलेलं शिलाई मशीन ते गिऱ्हाइकाच्या घरून स्वतः उचलून आणतात आणि दुरुस्त करून स्वतः पोचवतात, मग घर चौथ्या मजल्यावर का असेना. आता म्हणतात, “ज्याला स्वतःच्या दारातली गाडी चढवता येत नाही, त्याने लोकांची मशीनं जिन्यावरून नाचवू नयेत.” डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने उत्तम. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, “बघ, तेही तेच म्हणाले. वयाच्या मानाने.”

मी काय करू? खरं तर काही करण्यासारखं आहे का, हेच कळत नाही.

तुझी,
धाकटी

---

२ मार्च

ठेंगू,

पत्र आजच्या बोटीने आलं. दोनदा वाचलं.

वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आमच्याकडे साठीचा माणूस शिडीजवळ दिसला तरी त्याला कामावरून खाली बसवतात. त्यांच्या शरीराने त्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, यात चांगलंच आहे ना? नाहीतर एक दिवस मशीनसकट जिन्यावरून खाली आले असते आणि आपण दोघं जन्मभर म्हणत बसलो असतो, की थांबवायला हवं होतं.

म्हणून तू त्यांना काही समजवायला जाऊ नकोस. ‘जमेल हो बाबा’ वगैरे तर मुळीच नको. बसू दे त्यांना. बसायची सवय लागायला वेळ जाईल. टेबलावरची बारीकसारीक कामं घरात करतीलच.

आणि हो, गाडी नीट चालवतेस ना? त्या सीटवर बसल्यावर पाय टेकतात, की सिग्नलला बोटांवर नाचतेस? तू लहानपणी माझ्या सायकलवरून उतरायला कठडा शोधायचीस, ते आठवून हसू आलं. पडू नकोस म्हणजे झालं. गाडीही पाडू नकोस. नक्की काय आधी लिहायला हवं होतं, ते तूच ठरव.

दादा

---

१७ मार्च

प्रिय दादा,

तू म्हणालास बसू दे, मी बसू दिलं. पण ते ज्या तऱ्हेने बसलेत, ती मला बघवत नाही.

भांडतील असं वाटलं होतं. निदान चिडचिड करतील. तसं काहीच झालं नाही. गेल्या बुधवारी मी घरी आले, तर पुढच्या खोलीतलं टेबल स्वच्छ पुसलेलं. स्क्रूड्रायव्हर, पकडी, तेलाच्या लांब नळीच्या बुधल्या, शटल बसवायचे ते हस्तिदंती मुठीचे चिमटे, सगळं गेलेलं. कुणाला दिलं असेल? चटकनला! तोच मागच्या गल्लीतला दुरुस्तीवाला, ज्याला बाबा गेली कित्येक वर्षं ‘चटकन’ म्हणतात, कारण तो मशीन चटकन उघडतो, चटकन बंद करतो आणि ते चटकन पुन्हा बिघडतं. त्याच्याकडे स्वतः नेऊन दिलं. मी विचारलं, “त्यालाच का?” तर म्हणाले, “दुसरं कोण आहे?”

आता टेबलावर फक्त वर्तमानपत्र असतं. मी गाडी लावून वर आले की ते विचारतात, “लावलीस?” मी म्हणते, “हो, साइड स्टँडवर.” ते म्हणतात, “असू दे.” दादा, बाबांनी ‘असू दे’ म्हणणं तू कधी ऐकलं आहेस?

मी त्यांची जास्त काळजी घेते आहे. पिशवी हातातून घेते, जिन्यावर मागून चालते. ते घेऊ देतात. त्याचंही वाईट वाटतं, आणि खरं सांगायचं तर घेऊ देतात म्हणून कुठेतरी बरंही वाटतं. हे लिहायला नको होतं कदाचित. पण लिहिलं आहे तर राहू दे.

गाडीची काळजी करू नकोस. माझे पाय टेकतात, पूर्ण टेकतात. मजेत जाते.

तुझी,
धाकटी

---

२९ मार्च

ठेंगू,

हे घाईत लिहितोय, बोट तासाभरात सुटणार आहे.

तुझे पाय पूर्ण टेकतात? कसे टेकतात? त्या गाडीवर माझे जेमतेम टेकतात आणि मी तुझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच आहे. चाळिशीनंतर तू वाढली असशील असं धरून चालत नाही.

खरं सांग, गाडी खाली करून घेतलीस का? म्हणजे मागचे शॉक अॅब्सॉर्बर काढून आखूड घातलेस का? रागावणार नाही. (रागावेन, पण ते नंतर.) आणि घातले असशील तर कधी? बाबांची नडगी सोलवटली त्याच्या आधी की नंतर?

का विचारतो ते नीट वाच. डबल स्टँड गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. शॉक आखूड केले की सांगाडा जमिनीकडे खाली येतो, पण स्टँडची लांबी तेवढीच राहते. म्हणजे गाडी स्टँडवर चढवायला ती पूर्वीपेक्षा जास्त वर उचलावी लागते. आधी नुसतं टाचेवर वजन टाकलं की चढायची, ती आता दांडगा माणूसही सहजी चढवू शकणार नाही. तुला करून बघायचं असेल, तर मागचं चाक एका जाड फळीवर चढव आणि मग कुणालातरी स्टँड लावायला सांग. फळीने ती उंची भरून निघते. फळीवर चढली आणि फळीशिवाय चढली नाही, तर दोष बाबांच्या अंगातल्या जोराचा नाही.

माझी शंका चुकीची असेल अशी आशा आहे. लगेच कळव.

दादा

---

८ एप्रिल

प्रिय दादा,

तुझी शंका बरोबर आहे.

जानेवारीच्या शेवटी गाडी गॅरेजला दिली. परत मिळाली ती बाबांच्या त्या मंगळवारीच, ते पडायच्या आधी. सिग्नलला एकदा तोल गेला होता, मागच्या रिक्षावाल्याने “ताई, घरी जा, झोपाळ्यावर बसा” म्हटलं होतं आणि मला ते फार लागलं होतं. गॅरेजमध्ये गेले. त्यांनी मागचे शॉक बदलले, पुढूनही थोडी खाली घेतली. साइड स्टँड लांब पडून गाडी फारच सरळ उभी राहत होती, उजवीकडे पडेल अशी, म्हणून तोही जरा कापून दिला. तुझे जुने शॉक गोणपाटात बांधून माझ्या पलंगाखाली आहेत. तू यायच्या आधी परत बसवून घेणार होते. तुला कळणारही नाही असं वाटलं होतं.

काल दुपारी बाबा झोपले असताना पेंटरभाऊंना खाली बोलावलं. ते रोज रंगाचे डबे घेऊन शिड्या चढणारे, हाडापेराने मजबूत. त्यांनी दोनदा जोर लावला, नाही चढली. तिसऱ्यांदा कशीबशी चढली आणि ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांच्याच रंगकामाची फळी चाकाखाली घातली. अलगद चढली. ते म्हणाले, “अहो, मग काकांना मी उगाच म्हातारं केलं.” त्यांनी नाही केलं, दादा.

मला या गोष्टीचं नेमकं काय टोचतं आहे ते शोधत बसले आहे. माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर सोपं होतं. पण गॅरेजवाल्याने सांगितलं होतं. गाडी परत देताना त्याचे शब्द होते, “डबल स्टँड आता जड जाईल, कापायचा तर तोही कापून देतो.” आणि मी म्हणाले, “राहू द्या, मी कुठे वापरते?”

मी. त्या वाक्यात बाबा नव्हतेच. रोज संध्याकाळी माझ्याच खिडकीखाली ते काय करतात, हे मला माहीत होतं आणि तरी त्या क्षणी ते माझ्या मनात आले नाहीत. विसरले असं म्हणू का? विसरायला आधी आठवावं लागतं.

आणि पुढे तर आणखी वाईट. त्या मंगळवारी मी खिडकीतून बघत होते. जी गाडी आदल्या महिन्यापर्यंत सहज चढत होती ती आज का चढत नाही, हा प्रश्न कुणालाही पडला असता. मला पडला नाही. मी सरळ त्यांच्या वयाकडे बघितलं. ते उत्तर माझ्याकडे जणू तयारच होतं, नुसतं निमित्त हवं होतं. मग पिशव्या घेणं, जिन्यावर मागून चालणं. केवढी गुणी मुलगी!

त्यांना सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही दोन महिने स्वतःला निकामी समजत होतात, ते माझे पाय टेकावेत म्हणून?

तू रागावणार होतास ना, नंतर. आता रागाव.

धाकटी

---

१८ एप्रिल

ठेंगू,

रागावायचा हक्क माझा राहिला नाही. का ते सांगतो.

तुझं पहिलं पत्र आल्यावर मी तुला उत्तर लिहिलं, आणि मग एका मधल्या वारी, तू ग्रंथालयात असताना, बाबांना फोन केला. तुला हे त्यांनीही सांगितलेलं दिसत नाही. मी त्यांना म्हणालो, “बाबा, आता पुरे करा. उद्या तुम्हाला काही झालं, तर ती स्वतःला दोष देत बसेल. तिच्यासाठी थांबा.”  मग त्यांनी विचारलं, “ती म्हणाली असं?”

मी उत्तर दिलं नाही. फोनवर गप्प राहिलं की त्याचा अर्थ ‘हो’ होतो, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी चटकनला अवजारं दिली असणार. तारखा जुळतात.

म्हणजे गाडीने त्यांना पाडलं आणि मी वर तुझं नाव घेऊन त्यांना खाली दाबून धरलं. इतक्या लांबून. मला त्यांची काळजी होती हे खरं आहे. पण त्यांनी काम बंद केलं की मला इथे निवांत झोप लागेल, हेही तितकंच खरं होतं.

आता माझं ऐक. सांगू नकोस. जुने शॉक परत बसवून घे आणि गप्प राहा. एक ना एक दिवस त्यांचा हात आपोआप स्टँडकडे जाईल, गाडी चढेल आणि त्यांना वाटेल मधे अशक्तपणा आला होता, आता गेला. त्यांचं त्यांना परत मिळेल. तुझं नाव नाही, माझं नाव नाही. कुणाला लागणार नाही.

दादा

---

४ मे

दादा,

तुझं पत्र वाचून तुझ्यावर दोन दिवस इतकी चिडले होते, की स्वतःवर चिडायचं विसरले. त्याबद्दल आभार मानायला हवेत.

‘ती म्हणाली असं?’ हे मी कधीच म्हणाले नव्हते. पण नंतर वाटलं, म्हणाले नाही एवढंच. माझ्या वागण्यातून ते रोज तेच ऐकत होते.

तू सांगितलंस तसं केलं. जुने शॉक बसवले. गाडी पुन्हा उंच झाली. मी दोन दिवस चालवली, तिसऱ्या दिवशी वळणावर एका भिंतीला टेकले तेव्हा नाद सोडला. आता दोन बस बदलून जाते. बाबांना सांगितलं, गाडीचं काम निघालं आहे.

पण तुझी युक्ती चालली नाही. साइड स्टँड कापलेला आणि गाडी उंच, त्यामुळे ती इतकी कलून उभी राहते, की येणाजाणारा प्रत्येक जण बोलतो. वाटलं, बाबांना हे सहन होणारच नाही. खाली जातील, टाच ठेवतील आणि संपेल. त्यांनी खिडकीतून बघितलं. म्हणाले, “भिंतीला टेकवून ठेव.” पेंटरभाऊ मुद्दाम म्हणाले, “काका, लावा की.” तर, “नको, उगाच लोकांना धावायला लागतं.”

ते प्रयत्नच करणार नाहीत, दादा. त्यांचं उत्तर त्यांना मिळालेलं आहे. मी त्यांच्यापुढे हजार सोप्या गाड्या उभ्या केल्या, तरी ते एकीलाही हात लावणार नाहीत. आणि मी रोज बसमधून येताना विचार करते, आज हात लावला असेल का, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. बघ, कुणाच्या सुटकेची वाट बघते आहे मी.

आता त्यांना सांगणारच. माझ्या वाट्याचं. तुझं काय करायचं ते तू ठरव.

धाकटी

---

१३ मे

ठेंगू,

माझं मी सांगेन. पुढच्या आठवड्यात, रविवारी फोनवर. तू तिथेच बस आणि स्पीकर बंद करू नकोस.

दादा

---

१० जून

प्रिय दादा,

तुझ्या फोननंतर काय झालं ते विचारायला तू पुन्हा फोन केला नाहीस, हे समजू शकते. बाबांनी तुझं सगळं ऐकून घेतलं, “बरं” म्हणाले आणि फोन ठेवला, एवढंच तुला माहीत आहे. आता बाकीचं.

मी त्यांना तुझ्या आधी, शुक्रवारीच सांगितलं होतं. चहा झाल्यावर. सगळं सांगितलं: शॉक, गॅरेजवाला काय म्हणाला, मी काय म्हणाले. ते पेपरची घडी घालत ऐकत होते. मग म्हणाले, “चांगलं रचलं आहेस. मी आजारात वाळलो, की तुझी आईही वजनकाटा बिघडलाय म्हणून सांगायची मला.”

“बाबा, रचत नाही. खरंच गाडीमुळे झालं.”

“डॉक्टरने सांगितलं का असं बोलायला?”

“नाही हो. खाली चला. आता जुने शॉक घातलेत. स्वतः करून बघा.”

“आणि नाही चढली तर?”

 खरं बोलायला किती उशीर केला, ते तेव्हा कळलं. माझं खरंसुद्धा त्यांना औषधासारखं वाटत होतं.

शेवटी ते उठले. चपला घालून अर्ध्या जिन्यापर्यंत गेले, परत आले, बूट घातले. खाली गाडीजवळ बराच वेळ उभे राहिले. मग टाच ठेवली, हात ठेवले. टक्.

पेंटरभाऊंनी टाळी वाजवली. बाबा हसलेसुद्धा नाहीत. त्यांनी गाडी खाली उतरवली आणि पुन्हा चढवली. पुन्हा उतरवली. पुन्हा. पेंटरभाऊंची टाळी केव्हाच थांबली होती. बाबांना धाप लागली तरी थांबेनात, जणू एखाद्या वेळी ती चढणार नाही आणि ती वेळ त्यांना पकडायची होती. मी हँडल धरलं. म्हणाले, “बाबा, पुरे.”

“हे पुरे-पुरे तू तेव्हाही म्हणत होतीस,” ते म्हणाले.

वर आल्यावर त्यांनी एकच विचारलं. “त्या दिवशी तू खिडकीत होतीस. मला काय झालं ते विचारायला धावत आलीस. गाडीला काय झालं, हे का नाही विचारलंस?” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली. माफ केलं असं म्हणाले नाहीत आणि मीही वदवून घेतलं नाही. दोन दिवसांनी तुझा फोन. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “म्हणजे तू म्हणाली नव्हतीस.” मी म्हणाले, “तोंडाने नाही.” ते म्हणाले, “हं.”

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर चटकनकडे गेले. मीच मागायचं असं ठरलं होतं. दुकानात शिरल्याबरोबर चटकनने टेबलाखालून गाठोडं काढलं. गाठ बाबांचीच, सोडलेलीसुद्धा नव्हती. “मला वाटलंच, म्हातारा कुणावर तरी रुसलाय,” तो म्हणाला. “आज ना उद्या येणार.” मग जरा लाजून त्याने खिशातून एक चिमटा काढला. “एवढा एक फटीतून ओढून घेतला, वापरला. फार सुरेख आहे.” बाबांनी तो हातात घेऊन बघितला आणि त्याला परत दिला. “ठेव. पण हळू.”

गाडीचं म्हणशील तर बाबांनीच एके दिवशी विषय काढला. “बसमध्ये लोंबकळत जातेस, ते काही बरं नाही. आखूड शॉक परत घाल. पाय टेकायलाच हवेत. डबल स्टँड तेवढा कापून घेऊ.” मी म्हणाले, “दादाला विचारायला हवं, गाडी त्याची आहे.” ते म्हणाले, “त्याने मला विचारलं होतं?” तर तुझ्या गाडीचा स्टँड कापला आहे. ते स्वतः गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसले आणि किती कापायचा ते मापून दिलं. आता पुन्हा संध्याकाळी आवाज येतो.

सगळं जागेवर आलं, असं लिहिता आलं असतं तर किती छान. पण बाबा पूर्वी नुसता जिना चढायचे. आता जिना चढताना स्वतःकडे लक्ष ठेवतात. पाण्याची बादली उचलली की क्षणभर थांबतात, बादलीच जड आहे की आपण थकलोय, असं बघितल्यासारखं. ती गाडी आम्ही कापून-जोडून बरोबर केली. याचं काय करायचं ते मला माहीत नाही. कदाचित ते वयाने एक दिवस व्हायचंच होतं. पण ते वयाने व्हायला हवं होतं, माझ्याकडून नको.

काल त्यांनी पहिलं मशीन पोचवलं. चार मजले. गिऱ्हाईक म्हणजे पोरींचे फ्रॉक शिवणाऱ्या त्या बाई. मीच गाडीवरून नेलं, मांडीवर मशीन घेऊन बाबा मागे. खाली उतरल्यावर माझे हात सवयीने पुढे गेले आणि मी ते मागे घेतले, चक्क पाठीमागे बांधून उभी राहिले. ते चढू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पावलं थांबली. बराच वेळ काही आवाज नाही. मी एक पाय पायरीवर ठेवला होता. तो खाली घेतला. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आणि वरून बाईंचा आवाज आला, “अगंबाई, तुम्ही? आम्हाला कळलं होतं तुम्ही काम सोडलंत.”

“सोडलं नव्हतं,” बाबा म्हणाले. “रजेवर होतो.”

हे पत्र पाकिटात घालायच्या आधी मी त्यांना वाचून दाखवलं. यापुढे त्यांच्याबद्दलचं प्रत्येक पत्र वाचून दाखवणार आहे, तूही तसंच लिही. त्यांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणापाशी मात्र हात वर केला. “थांबलो नव्हतो,” म्हणाले. मी ते वाक्य खोडायला निघाले, तर पेन धरलं. “खोडू नकोस. तुला जे वाटलं ते तुझं राहू दे. माझं खाली लिही.”

म्हणून लिहिते. दुसऱ्या मजल्यावर बाबा थांबले नव्हते. मशीन या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होते.

तुझी,
धाकटी